डावीकडचा वरचा कोपरा

"मॅडम, मी इथं येते," तस्लीम म्हणाली आणि तिनं तक्त्यावर बोट टेकवलं.

तक्ता वर्गाच्या मागच्या भिंतीवर होता, चार फूट रुंद, फ्लेक्सवर छापलेला. आडव्या रेषेवर बारावीची टक्केवारी, उभ्या रेषेवर प्रवेश परीक्षेचे गुण, दीडशेपैकी. मधे एकशे बारा ठिपके. प्रवेश मिळाला ते हिरवे, नाही मिळाला ते लाल. तस्लीमचं बोट डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात होतं. तिथे नुसता पांढरा फ्लेक्स होता.

मी उठून तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"दोन्ही आकडे सांग."

"बारावी अठ्ठावन्न पॉइंट चार. टेस्ट एकशे एकवीस."

"मग बरोबर आहे. तिथंच येतेस."

"इथं कुणीच नाही."

"हो. त्या भागात एकही हिरवा ठिपका नाही."

"मग चान्स किती?"

मी लॅपटॉपमध्ये दोन्ही आकडे टाकले. सूत्र मी स्वतः बसवलं होतं. उत्तर आलं, तीन पूर्णांक एक.

"तीन टक्के," मी म्हणाले. "म्हणजे शून्यच धर."

"तीन आणि शून्य एकच का? तुम्हीच ओरडता वर्गात, जवळपास म्हणायचं नाही म्हणून."

"प्रवेशापुरतं एकच."

ती थोडी हसली. मग बोट काढून घेतलं. "म्हणजे फॉर्म भरायचा नाही."

"शुक्रवारी शेवटची तारीख आहे. आज बुधवार. फॉर्मवर दोन दिवस घालवण्यापेक्षा इथल्या कॉलेजात बी.ए.चं बघून ये. लवकर गेलीस तर हवे ते विषय मिळतील."

हे मी अगदी मायेनं सांगितलं. तिनं वहीत काहीतरी लिहिलं, बहुतेक 'तीन' हा आकडा, आणि दप्तर उचलून गेली.

ही आठ वर्षांपूर्वीच्या जूनमधली गोष्ट. संख्याशास्त्रात एम.एस्सी. होऊन मला वर्ष होत आलं होतं. पुढचं काही ठरत नव्हतं म्हणून इचलकरंजीत घरी राहून मी हेरवाडे सरांच्या क्लासमध्ये फेब्रुवारीपासून शिकवत होते. सर आधी कोर्टात वकिली करायचे. ती सोडून त्यांनी बारावीनंतर कायद्याला जाऊ पाहणाऱ्या मुलांसाठी क्लास काढला होता. मुलं कोल्हापूर, सांगली, निपाणीहून यायची, आणि सगळ्यांचा डोळा एकाच ठिकाणी असायचा. म्हैसूरजवळचं एक लॉ कॉलेज. त्याचं नाव लिहीत नाही. साठ जागा, देशभरातून दोन-अडीच हजार अर्ज. बारावीचे गुण, फॉर्मच्या आधीच होणाऱ्या त्यांच्या प्रवेश परीक्षेचे गुण, एक निबंध, एक शिफारसपत्र, आणि शेवटी मुलाखत. यातल्या कशाला किती वजन, ते कॉलेज सांगत नसे.

हे न सांगणंच मला खुणावत होतं. ऑफिसच्या कपाटात सहा वर्षांच्या फाइली होत्या, पाठवलेल्या प्रत्येक फॉर्मची प्रत आणि पुढचा निकाल. मी सगळं उतरवून घेतलं, ठिपके काढले, सूत्र बसवलं. सर इतके खूश झाले, की त्यांनी तक्ता छापूनच आणला. पालक आले की ते त्यांना तक्त्यासमोर उभं करायचे. "देशात चाळिसात एक लागतो. आमच्याकडे सहात एक. आणि हे आमच्या संख्याशास्त्रज्ञ मॅडमनी मोजलंय." मी मागे उभी राहून फळा पुसत असल्यासारखं करायचे. एम.एस्सी.च्या दोन वर्षांत माझ्या कुठल्याही कामाकडे कुणी एवढा वेळ बघितलं नव्हतं.

तस्लीम नदाफ निकालाच्या दृष्टीनं सरांची विशेष मुलगी नव्हती. तिच्या मोठ्या भावाच्या सांगण्यावरून तिनं सायन्स घेतलं होतं आणि फिजिक्स, गणित दोन्हीत कशीबशी पास झाली होती. पण उतारा वाचून उत्तरं द्यायची असली की ती पेन्सिल तोंडात धरून एकदाच वाचायची आणि दहापैकी दहा बरोबर आणायची. एकदा त्यांच्या गल्लीतला नळ तोडण्याबद्दल इंग्रजीतून नोटीस आली होती. ती वाचून, गल्ली चुकीच्या यादीत पडलीय हे तिनं शोधून काढलं, अर्ज लिहिला आणि नळ वाचवला. "तेव्हापासून गल्लीत मला वकीलीणबाई म्हणतात," ती सांगायची. "आधी चेष्टेनं म्हणायचे. आता कागद घेऊन येतात." तिच्या वडिलांनी मात्र म्हैसूरलाच हो म्हटलं होतं, कारण तिथे तिची आत्या राहत होती. दुसऱ्या कुठल्याही गावाला नाही. म्हणजे म्हैसूर झालं तर कायदा, नाही तर घरी राहून बी.ए. हे सगळ्या वर्गाला माहीत होतं. मलाही होतं.

गुरुवारी सकाळी ती ग्रंथालयाची पुस्तकं परत द्यायला आली. पुस्तकं टेबलावर ठेवली आणि गेली नाही.

"मॅडम, एक विचारू?"

"विचार."

"काल तुम्ही म्हणालात, माझ्या कोपऱ्यात हिरवा ठिपका नाही."

"नाहीच आहे."

"पण लाल पण नाही."

मी तक्त्याकडे बघितलं. तो मी काढलेला होता, बघायची गरज नव्हती. तरी बघितलं.

"लाल असते तर कळलं असतं, की इथली मुलं गेली आणि पडली," ती म्हणाली. "इथं पडलेलं पण कुणी नाही. मग इथला माणूस पडतो हे कसं कळलं?"

"कारण असे विद्यार्थी नसतातच गं. बारावीला कमी आणि टेस्टला एवढे, असं कुणी नसतं."

"मी आहे की," तस्लीम म्हणाली.

वादासाठी म्हणाली नव्हती. वर्गात हजेरी घेताना म्हणतात तसं म्हणाली. मग पुस्तकांच्या पावत्या घेऊन गेली.

मी ती पुस्तकं कपाटात लावली. मग ऑफिसात मालनताईंकडे गेले. मालनताई क्लास सुरू झाल्यापासून तिथे होत्या. प्रवेश, हजेरी, फाइली, सगळं त्यांच्याकडे.

"ताई, क्लासमधल्या सगळ्या मुलांचे निकाल आहेत का कुठं? फॉर्म पाठवलेल्यांचेच नव्हे, सगळ्यांचे?"

"हायत की. सर रजिस्टर भरून घेत्यात. टेस्टचा निकाल आला की, आन बारावीचा आला की." त्यांनी खालच्या कप्प्यातून लांबट रजिस्टर काढलं. "तुमाला मागंच दिलं असतं, तुमी फाइली मागितल्या म्हणून फाइली दिल्या."

मी रजिस्टर उघडलं. सहा वर्षांत सत्तर टक्क्यांच्या खालची त्रेचाळीस मुलं होती. त्रेचाळिसांपैकी एकाचीही फाइल कपाटात नव्हती. माझ्या एकशे बारा ठिपक्यांत त्यांच्यातलं कुणीच नव्हतं.

"ह्यांचे फॉर्म कुठं गेले, ताई?"

"कुणाचे?"

"हे सगळे. सत्तरच्या खालचे."

मालनताईंनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू मी पंखा कुठल्या बटणानं लागतो ते विचारलं होतं. "सत्तरच्या खालचे सर पाठवत न्हाईत वो. लई वर्सांपासनं. शिफारस देत न्हाईत त्यास्नी. पाठवलं तर मग सहात एक कसं बसंल?"

"हे मला कुणी सांगितलं नाही."

"तुमी इचारलं कुठं?"

मी त्रेचाळीस नावं वहीत उतरवून घेतली. त्यांतल्या नऊ जणांना टेस्टमध्ये एकशे पंधराच्या वर गुण होते. मग तक्त्यातले एकशे पंधराच्या वरचे ठिपके वेगळे काढले. ते सव्वीस होते, आणि त्यांतले चौदा हिरवे. त्या सव्विसांत हिरव्यांची आणि लालांची बारावीची सरासरी जवळजवळ सारखीच निघाली. बाकी पाच हिरवे ठिपके टेस्टला कमी पण बारावीला नव्वदच्या पुढे असलेल्या मुलांचे होते. त्या पाच जणांनी माझी रेष कलती केली होती, आणि ती कलती रेष मी पट्टी ठेवून थेट अठ्ठावन्नपर्यंत ओढत नेली होती, जिथे मी एकही माणूस बघितलेला नव्हता. तो कोपरा कॉलेजनं रिकामा ठेवला नव्हता. आमच्याच ऑफिसातून तिथे काही गेलं नव्हतं.

एम.एस्सी.च्या पहिल्या सत्रात हे शिकवतात. मला त्यात चांगले गुण होते.

दुपारी सर केबिनमध्ये एकटे होते. "ये केतकी. चहा घेतलास?"

"सर, सत्तरच्या खालचे फॉर्म आपण पाठवत नाही?"

"नाही."

"का?"

"लागत नाहीत म्हणून."

"लागत नाहीत हे कशावरून?"

त्यांनी उघड्या दारातून पलीकडच्या तक्त्याकडे बोट केलं. "तूच काढलायस की. दिसतोय का तिथं एक तरी हिरवा?"

"लालही नाही, सर. फॉर्मच गेले नाहीत तर ठिपका कुठून येणार? तो तक्ता कॉलेजबद्दल सांगतच नाही. आपल्या नियमाबद्दल सांगतो."

सरांनी चहाचा कप बशीत ठेवला. रागावले नव्हते. कोर्टात समोरच्या वकिलाचं ऐकतात तसे ऐकत होते.

"क्लास काढला त्या पहिल्या वर्षी मी पाठवले होते," ते म्हणाले. "पन्नास-पंचावन्न टक्केवाली तीन मुलं. तुला दिलेल्या फाइलींच्या आधीचं वर्ष. तिघांनाही नकार आला. एक पोरगा आठ दिवस घराबाहेर पडला नाही. त्याची आई तू उभी आहेस तिथं उभी राहून रडली. तेव्हा ठरवलं, ज्याचं होणार नाही त्याला आधीच थांबवायचं."

"त्या तिघांचे टेस्टचे गुण किती होते?"

"ते कुठं आठवतंय आता. साठ-सत्तर असतील."

"तस्लीमचे एकशे एकवीस आहेत."

त्यांनी कप पुन्हा उचलला.

"आणि सहात एकचं?" मी विचारलं.

"त्याचंही आहे," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? आईबाप आकडा बघून दारात येतात. तू नसतीस बघितलास?"

"तिला शिफारसपत्र द्याल का, सर?"

"नाही. तिला दिलं तर उद्या बाकीचे रांगेत उभे राहतील, आणि त्यांना नाही म्हणायला माझ्याकडे कारण उरणार नाही."

"सूचनापत्रकात लिहिलंय, किमान तीन महिने शिकवलेला कुणीही शिक्षक चालतो. मी चार महिने शिकवलंय."

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. माझी ही बाजू त्यांनी आधी पाहिली नव्हती. मीही पाहिली नव्हती.

"क्लासचं लेटरहेड मिळणार नाही."

"साधा कागद चालतो."

"आणि नकार आला तर तिच्या घरी सांगायला तू जायचंस. मी नाही, मालनताई नाही."

"जाईन. आणि सर, तो तक्ता काढायला हवा. चुकीचा आहे तो."

"तक्ता राहू दे," सर म्हणाले. "पालकांना आवडतो."

तस्लीमचे वडील वहीफणीचं काम करायचे. नवा बीम, म्हणजे उभ्या सुताचा रूळ, आला की त्यावरचा एकेक धागा आधी वहीच्या तारेतल्या डोळ्यातून आणि मग फणीच्या दातातून ओढून घ्यावा लागतो, तेव्हा कुठे माग चालू होतो. दोघांचं काम आहे. एकानं मागून धागा द्यायचा, दुसऱ्यानं पुढून आकडीनं ओढायचा. त्याच संध्याकाळी मी त्यांच्या मागांच्या शेडात पोचले तेव्हा मागे तस्लीम होती आणि पुढे तिचे वडील, इस्माईलभाई. बाजूच्या शेडातल्या मागांचा खडखडाट एवढा होता, की मला दोनदा हाक मारावी लागली.

"या बाई," इस्माईलभाई म्हणाले. "बसायला काही नाही बघा इथं. त्या पेटीवर बसा."

तस्लीम उठली नाही. धागे देत राहिली.

"मी काल हिला चुकीचं सांगितलं," मी म्हणाले.

त्यांचा हात थांबला नाही. "काय चुकीचं?"

"म्हैसूरचं. मी तीन टक्के म्हणाले. शून्य धर म्हणाले."

"हां. हिनं सांगितलं घरी. शून्य म्हटल्यावर माझं डोकं थंड झालं होतं, खरं सांगू का? म्हैसूर लांब आहे." त्यांनी दोन धागे ओढले. "मग आज किती?"

"आज माहीत नाही."

"एम.एस्सी. आहात ना तुम्ही?"

"अब्बा!" पलीकडून तस्लीम म्हणाली.

"विचारतोय फक्त. काल माहीत होतं, आज माहीत नाही. आमच्यात उलटं असतं."

"कालही माहीत नव्हतं," मी म्हणाले. "मला वाटलं होतं, माहीत आहे."

धागे यायचे थांबले. तस्लीम बीमच्या मागून उठून पुढे आली. तिच्या बाहीला सुताचे कण चिकटले होते.

"मग तीन कुठनं आले?"

मी सांगितलं. रजिस्टर, त्रेचाळीस मुलं, सत्तरचा नियम, मी ओढत नेलेली रेष. शक्य तेवढ्या साध्या शब्दांत आणि काही न वगळता. इस्माईलभाई आकडी हातात धरून ऐकत होते.

"म्हणजे मी विचारल्यावर तुम्ही तपासलं," तस्लीम म्हणाली.

"हो."

"मी विचारलं नसतं तर?"

"तर तपासलं नसतं."

"काल घरी सांगताना काय वाटलं मला, माहितीय? गल्लीतली सगळी बसली होती. मी म्हणाले, मॅडमनी कॉम्प्युटरवर काढलंय, होणार नाही. सगळी गप्प झाली. कॉम्प्युटरवर काढलंय म्हटल्यावर कोण काय बोलणार?"

मी पेटीवरून उठले.

"निबंध कुठाय तुझा?" मी विचारलं.

"फाडला. कालच, घरी गेल्या गेल्या."

"आठवतो?"

"आठवतो की. मीच लिहिलाय."

इस्माईलभाईंनी आकडी खाली ठेवली. "बाई, आता मला सरळ सांगा. फॉर्म पाठवला आणि नकार आला, असं होईल का?"

"होऊ शकतं. चाळिसात एकालाच घेतात. नकाराचीच शक्यता जास्त आहे, कुणालाही."

"कुणालाही?"

"कुणालाही."

त्यांनी कपाळ पुसलं. तस्लीम त्यांच्याकडे बघत होती. काल ज्या गोष्टीनं त्यांचं डोकं थंड झालं होतं, ती मी परत त्यांच्यासमोर आणून ठेवली होती, हे मला दिसत होतं.

"नकार द्यायचा तर त्यांनी देऊ दे की मग," शेवटी ते म्हणाले. "कॉलेज त्यांचं आहे. आपण इथूनच कशाला देऊन ठेवायचा?" आणि तस्लीमला म्हणाले, "जा. निबंध लिही जा. मी शेजारच्या रफिकला बोलावतो धागे द्यायला. एवढं तोंड काय बघतेस?"

शुक्रवारी दुपारी तीन वाजता ती माझ्या घरी आली. आमच्या इंटरनेटचा भरवसा होता. पत्र मी सकाळीच इंग्रजीतून लिहून ठेवलं होतं, एक पान. तिनं ते पेन्सिल तोंडात धरून एकदाच वाचलं. तिनं मला विचारलेला प्रश्न, मी दिलेलं चुकीचं उत्तर, आणि त्यानंतर मी काय तपासलं, एवढंच त्यात होतं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, की माझ्या कामातली जी चूक मला एवढं शिकूनही दिसली नाही, ती हिला न शिकताच दिसली.

"ह्यात सगळी तुमचीच चूक लिहिलीय," ती म्हणाली.

"तेच घडलंय."

"असलं पत्र चालतं का?"

"माहीत नाही."

"कालपासनं तुम्ही सारखं माहीत नाहीच म्हणताय, मॅडम."

"सवय करून घेतेय."

यावर ती पहिल्यांदा मोकळी हसली. मग आम्ही फॉर्म भरायला बसलो. बारावीच्या टक्केवारीच्या चौकटीत तिनं अठ्ठावन्न पूर्णांक चार टाकलं, आणि पुढे जायच्या आधी तिचं बोट थोडं घुटमळलं. पाचची मुदत होती. चार वीसला फॉर्म गेला. आईनं आम्हा दोघींना पोहे दिले, आणि ती लिंबू द्यायला विसरली म्हणून तस्लीमनं ते स्वतः उठून आणलं.

जुलैत मुलाखतीचं बोलावणं आलं. वडील तिच्याबरोबर म्हैसूरला गेले. परत आल्यावर ती थेट क्लासला आली आणि मधल्या सुट्टीत सगळ्यांना सांगत बसली. "पहिलाच प्रश्न, बारावीला एवढे कमी का? मी म्हटलं, कारण मला फिजिक्स येत नाही. एक बाई होत्या, त्या म्हणाल्या, मग घेतलंस कशाला? मी म्हटलं, भावाला विचारा, तो बाहेर बसलाय. खरं तर बाहेर अब्बा बसले होते." सगळे हसले. मी हसले नाही. मी मनात मोजत होते, आणि मोजण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

निकालाच्या दिवशी तिचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते.

"मॅडम, झालं," ती म्हणाली. मग बराच वेळ नुसता मागांचा आवाज येत राहिला. तिनं फोन बंद केला नव्हता.

कॉलेजनं निवड झालेल्यांना गुणांचा तपशील पाठवला होता. तो तिनं मला आणून दाखवला. शंभरात बारावीचं वजन दहा होतं. फक्त दहा.

मी वहीतली ती नऊ नावं काढून मालनताईंकडे गेले. त्यांना त्यांतले सहा जण कुठे आहेत ते माहीत होतं. एक मोबाइलच्या दुकानात, एक पोलिसात, एक सांगलीला वकिली शिकून तिथेच कोर्टात, एकीचं लग्न होऊन ती बेळगावला, दोघं शेती करत. "चांगलं चाललंय सगळ्यांचं," मालनताई म्हणाल्या, आणि ते खरंही असेल. त्या नऊ जणांचं म्हैसूरला काय झालं असतं, ते मला माहीत नाही. चौदा आणि सव्वीस हे आकडे आहेत, पण त्यांच्यातल्या कुणाच्याही बाबतीत मी ते वापरू शकत नाही. मी ती वही पुढे पुण्याला आले तेव्हा बरोबर आणली. मी आता जे काम करते ते अशाच आकड्यांचं आहे, जे कुणी गोळाच केलेले नाहीत.

पण त्याआधी, पुढच्या फेब्रुवारीत, नवी तुकडी सुरू व्हायच्या वेळी मी सरांच्या केबिनमध्ये गेले होते. बाहेर चौकात तस्लीमचा मोठा फोटो लागला होता, फेटा बांधलेला. सरांनी तिचा सत्कारही केला होता आणि भाषणात माझं नाव घेतलं होतं. खोटं वाटू नये म्हणून सांगते, ते खरंच आनंदात होते. टेबलावर नव्या सूचनांचा कागद पडला होता, मालनताईंनी नुकताच टाइप केलेला. चौथी ओळ होती, बारावीला अठ्ठावन्न टक्क्यांपेक्षा कमी गुण असलेल्या विद्यार्थ्यांचे फॉर्म पाठवले जाणार नाहीत.

"सर, हे अठ्ठावन्न कुठून आलं?"

"तुझ्यामुळंच आलं," सर कौतुकानं म्हणाले. "मी मानलं तुझं म्हणणं. सत्तर चूक होतं. अठ्ठावन्नवाली लागू शकते, हे सिद्ध झालं."

"आणि सत्तावन्नवाली?"

सरांनी चष्मा काढला आणि पुसला. ते खरोखर विचार करत होते.

"सत्तावन्नवर आजपर्यंत कुणाचं झालंय का, केतकी?"

मी दार लोटून घेतलं, खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसले.